तेरा मीटर

निलंबनाचं पत्र हातात पडून तीन दिवस झाले होते. त्या तीन दिवसांत अलगदने घरातला गळका नळ दुरुस्त केला होता, चांगला नळ गळका केला होता आणि कपाटाचं दार काढून उलटं बसवलं होतं.

"अहो, जरा बसाल का?" बायको शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

"बसलोच आहे की."

"उभे आहात."

तो बसला. बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय हलायला लागला, टाच टेकलेली आणि पंजा खालीवर. बावीस वर्षं बस चालवलेला पाय होता तो. त्याला काही दाबायला मिळालं नाही की तो असा फरशी चाचपत राहायचा. बायकोने मशीन थांबवलं, त्या पायाकडे पाहिलं, पुन्हा चालू केलं.

अलगद हे त्याचं खरं नाव नव्हे. डेपोतल्या कंडक्टरांनी ते ठेवलं होतं. याच्या बसमध्ये उभ्याने चहा प्यावा, थेंब सांडणार नाही, असं ते म्हणायचे. नवीन ड्रायव्हर आला की आधी चार दिवस याच्या मागे उभा करायचे, ब्रेक कसा लावतात ते बघायला. त्याला त्या नावाचा अभिमान होता, आणि तो लपवायचा म्हणून त्याने कधी फारसा प्रयत्नही केला नव्हता. आता कोणी फोनवर "काय अलगद, कसं काय?" म्हटलं तरी कानाला चटका बसत होता.

झालं होतं ते असं. वाचनालयासमोरच्या लांब, सरळ रस्त्यावरून त्याची बस चालली होती. पुढे एक सायकलस्वार होता, पाठीवर सामानाची चौकोनी पेटी. रस्त्यात आडवा एक चर होता, खोदून अर्धवट बुजवलेला. सायकलचं पुढचं चाक त्यात अडकलं आणि तो पेटीसकट बसच्या समोर आडवा झाला. अलगदने ब्रेक दाबला. दाबला म्हणजे त्यावर उभाच राहिला. जुनी बस, चाकं जागच्या जागी जाम झाली, टायर किंचाळत रस्त्यावरून घासत गेले आणि बस थांबली तेव्हा सायकलस्वाराचं डोकं आणि बसचं नाक यांत दोन हातांचं अंतर होतं.

लोक धावले. सायकलस्वार उठून बसला, त्याने अलगदचे दोन्ही हात धरले. कोणीतरी म्हणालं, देवमाणूस. चांगलं अर्धं मिनिट तो खरंच देवमाणूस होता. मग बसच्या आतून कण्हण्याचा आवाज आला.

पुढच्या थांब्यासाठी घंटा वाजवून एक वयस्क बाई तिसऱ्या रांगेपाशी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या तिथून निघाल्या त्या थेट ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर येऊन आदळल्या. डोकं वाचलं, डाव्या मांडीचं हाड मोडलं.

त्यानंतर इन्स्पेक्टर आला, फीत लावून त्याने रस्त्यावरचे काळे पट्टे मोजले. तेरा मीटर आणि वर वीतभर. बसमधलं वेग नोंदवणारं यंत्र महिनाभर बंद होतं. म्हणजे वेगाचा साक्षीदार एकच उरला, तो स्वतः.

"आकडा एकच," मेव्हणा म्हणाला. मेव्हणा कामगार संघटनेत होता, असल्या चौकश्या त्याने पाचपन्नास पाहिल्या होत्या. "त्या रस्त्यावर पाटी तीसची. तुम्ही तीसवर होतात. गुरुवारी विचारतील, तीस. उलटसुलट विचारतील, तीस. झोपेतून उठवलं तरी तीस. कळलं ना भावोजी?"

"तीसच होतो मी."

"झालं तर मग. आणि त्या बाईंकडे अजिबात फिरकायचं नाही. गेलात म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं."

अलगदने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाजी आणायला म्हणून बाहेर पडला आणि पिशवी हातात घेऊन सरळ रुग्णालयात गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. घरात बसवत नव्हतं, एवढंच.

वॉर्डच्या टोकाला खिडकीशी त्यांचा पलंग होता. डावा पाय लोखंडी चौकटीवर चढवलेला, त्याला बांधलेली दोरी पलंगाच्या कठड्यावरच्या कप्पीवरून खाली लोंबत होती आणि दोरीच्या टोकाला वजनं होती. पलंगाची पायाकडची बाजू दोन लाकडी ठोकळ्यांवर उचललेली होती. बाई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या.

"मी त्या बसचा..." तो म्हणाला आणि पुढचं वाक्य सापडेना.

"ड्रायव्हर. ओळखलं मी. तुमचा चेहरा आरशात पाहत होते ना रोज. घ्या ती खुर्ची. वजनांना धक्का लावू नका तेवढा."

तो खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला.

"सहा आठवडे असंच," बाई म्हणाल्या. "हलायचं नाही. मला! वर्गात एका जागी उभं राहून मी कधी एक ओळसुद्धा शिकवली नाही. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, अख्खी एकतीस वर्षं चालत. आता बघा. वजन मला पायाकडे ओढतंय. मग मी घसरत पलंगावरून खाली का जात नाही? तर म्हणून पायाकडची बाजू उचललीय. माझंच वजन मला डोक्याकडे ओढतंय. दोन्हीकडून ओढ सारखी, म्हणून मी आपली मधे पडून."

अलगदला वाटलं होतं, बाई रडतील, नाहीतर शिव्या तरी देतील. दोन्हीची त्याने तयारी केली होती. कप्पीची तयारी त्याने केली नव्हती.

"बाई, मला माफ करा," तो म्हणाला.

"माफीचं मागाहून बघू. आधी मला एक सांगा. बस अचानक थांबली की उभा प्रवासी पुढे का पडतो, हे मी नववीच्या पोरांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेत बोलेन. त्याला कोणी ढकलत नाही. थांबते ती बस. त्याला कोणी थांबवलेलं नसतं, म्हणून तो आपला आधीच्याच वेगाने चालत राहतो. हे सगळं मला ठाऊक. तरी पडल्यापासून डोक्यात एकच किडा. मी एका हाताने खांब धरला होता. घट्ट धरला होता. तरी सुटला. किती जोर लागला असेल हो?"

"ते मला कसं कळणार?"

"पट्टे मोजले असतील ना? किती आले?"

"तेरा मीटर. वर थोडं." त्याने हे जरा अभिमानानेच सांगितलं. तेवढ्यात थांबवली होती त्याने बस, एवढं धूड.

बाईंनी वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत आकडे मांडले. त्यांचं लिहिणं भराभर चालू होतं, ओठ हलत होते. मधेच त्या थांबल्या, पुन्हा वरपासून तपासलं.

"गाडी भरलेली होती का?"

"अर्धी."

"नाहीतरी त्याने फारसा फरक पडत नाही. गाडी जड असली की थांबवायला जोर जास्त लागतो, पण जड असली की टायरही रस्त्याला तेवढेच जास्त घासतात. फिट्टंफाट होते." त्यांनी चष्मा काढला. "ड्रायव्हर, तुम्ही किती वेगाने होतात?"

"तीस."

"तीसने पट्टा सहा मीटरच्या आसपास यायला हवा."

त्याने हातातली पिशवी दुमडली.

"वेग दीडपट झाला की थांबायला लागणारं अंतर दीडपट होत नाही. सव्वादोनपट होतं. सहाची सव्वादोनपट किती?" त्यांच्या तोंडून हा प्रश्न सवयीने निघाला होता, वर्गात निघावा तसा. पण अलगदच्या कानाला तो फटक्यासारखा लागला.

"मी तीसवर होतो," तो उठत म्हणाला. "तुम्हाला कागदावर काय दिसतं ते दिसू दे. तिथे मी होतो, कागद नव्हता."

"तेही खरंच," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे त्याला आणखीच राग आला.

तो घरी गेला तो भाजी न घेताच. बायकोने रिकामी पिशवी पाहिली. "मंडई बंद होती का?"

"हो."

"मंगळवारी?"

त्याने पिशवी खुंटीला अडकवली. दुपारभर तो या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. खिडकीतून खाली बस दिसली की ती थांब्याच्या किती आधी ब्रेक लावते ते बघत राहिला. शेवटी बायकोने शिवणकामाच्या पेटीतली फीत त्याच्या हातात दिली. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. तो सारखं "मीटर, मीटर" पुटपुटतोय एवढंच तिच्या कानावर पडलं होतं.

ती फीत दीड मीटरची. दुसऱ्या दिवशी पहाट उजाडता उजाडता, रहदारी सुरू व्हायच्या आत तो वाचनालयासमोरच्या रस्त्यावर पोचला. काळे पट्टे अजून तसेच होते, जरा फिकटलेले. दीड दीड मीटर करत, दर वेळी खडूने खूण करत, तो गुडघ्यांवर रांगत मोजत गेला. तेरा मीटर आणि वर वीतभर. पुन्हा उलट दिशेने मोजलं. तेवढंच.

मग त्याला उताराची आठवण झाली. उतारावर गाडी लवकर थांबत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. रस्त्याला पुढच्या बाजूला उतार असेल तर एवढ्या लांब पट्ट्याचा दोष वेगाचा नव्हे, रस्त्याचा. पाण्याची बाटली उघडून त्याने पट्ट्याच्या मधोमध पाणी ओतलं आणि वाकून बघत राहिला.

पाणी क्षणभर जागीच थबकलं. मग ते हळूहळू मागे गेलं, बस जिकडून आली होती तिकडे.

म्हणजे चढ होता. बारीकसा, डोळ्यांना न दिसणारा. चढाने उलट त्याला मदतच केली होती. चढ नसता तर पट्टा आणखी लांबला असता आणि सायकलस्वार...

तो रस्त्याच्या कडेला फुटपाथवर बसला. त्या दिवशी त्याने वेगाचा काटा पाहिला नव्हता, हे खरं होतं. तो घड्याळ पाहत होता. रस्ता खोदलेला म्हणून पुलाशी अडकलेला, चार मिनिटं उशीर झालेला, आणि हा एकच सरळ पट्टा होता जिथे उशीर भरून काढता यायचा. सगळेच काढायचे. काटा पाहिला नव्हता, पण बावीस वर्षांच्या पायाला काट्याची गरज नसते. पायाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तोच तर घरी हलत होता.

बुधवारी दुपारी तो पुन्हा रुग्णालयात गेला. बाई या वेळी शब्दकोडं सोडवत नव्हत्या. मांडीवर एक फळी, तिच्यावर एक फॉर्म.

"तुमच्या ऑफिसातून आलाय," त्या म्हणाल्या. "काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणतात."

"काय लिहिलंत?"

"बस थांबायच्या आधी मी उठले. हे चुकलं. पिशवीतला चष्मा शोधायला एक हात सोडला. हेही चुकलं. मग मी पडले. एवढंच."

"आणि वेग?"

"वेग मी पाहिला नाही. मी गणित केलं. गणित माझं, साक्ष माझी नव्हे. त्यांना गणित हवं असेल तर त्यांच्याकडेही पट्ट्याचा आकडा आहे, करू देत."

अलगदने खुर्ची पलंगाजवळ ओढली, वजनांना धक्का न लावता. मग म्हणाला, "बाई, एक विचारू? मी तीसवर असतो आणि असाच ब्रेक मारला असता, तरी तुम्ही पडला असतात ना?"

"असाच मारला असता तर पडले असते."

त्याचा श्वास सुटला.

"पण असा मारावाच लागला नसता," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला होता. "तीसवर असतात तर तेवढ्याच तेरा मीटरांत, याच्या निम्म्याहून कमी जोराने ब्रेक लावून बस थांबली असती. सायकलवालाही वाचला असता. आणि मी... झोकांडी गेली असती माझी. एका हाताने सावरलं असतं बहुतेक."

समोरच्या पलंगावरची म्हातारी कोणाला तरी हाका मारत होती. नर्स आली, तिने बाईंच्या दोरीचा ताण तपासला, अलगदला "पाच मिनिटं राहिलीत" म्हणाली आणि गेली.

"मी सांगायला नको होतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही. बरं केलंत." मग वजनांकडे बघत, "पंचेचाळीस होता, बाई."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि नीट उशीखाली ठेवली.

गुरुवारी चौकशीला टेबलामागे तिघं होते. मधल्या खुर्चीवर एक अधिकारी बाई, समोर फाइल. मेव्हणा अलगदच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून. नाव, नोकरीची वर्षं, मार्ग, वेळ, सगळं रीतसर विचारून झालं.

"अपघाताच्या वेळी वेग?"

"पंचेचाळीस."

मेव्हण्याने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

"तीस आणि पंचेचाळीसच्या दरम्यान, असं लिहू?" अधिकारी बाईंनी विचारलं. त्यांना बहुधा वाटलं, माणूस घाबरून गडबडला.

"पंचेचाळीस लिहा. आणि जमलं तर या मार्गाचं वेळापत्रक काढा."

"भावोजी," मेव्हणा दातांतल्या दातांत म्हणाला.

अलगदने खिशातून कागद काढला. त्यावर काल संध्याकाळी त्याने स्वतः आकडे मांडले होते, चार वेळा खोडून. "पुलापासून शेवटच्या थांब्यापर्यंत नऊ किलोमीटर. तुम्ही देता बावीस मिनिटं. तीसच्या पाटीने नऊ किलोमीटरला नुसती चालायलाच अठरा लागतात. राहिली चार. थांबे एकोणीस. प्रत्येक थांब्याला बारा-तेरा सेकंद. तेवढ्यात म्हातारं माणूस चढून बसतं का, सांगा मला. त्यात सिग्नल धरलेला नाही, खोदलेला रस्ता धरलेला नाही. वेग मीच घेतला, माझ्या पायाने घेतला, त्याची शिक्षा मला द्या. पण हेही लिहून घ्या."

"तो आजचा विषय नाही."

"मग कोणत्या दिवशीचा आहे?"

उजवीकडचा अधिकारी हसू दाबायला खोकला. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे करून कागद मागितला, वाचला, पेनाने एका आकड्याखाली रेघ ओढली आणि तो फाइलमध्ये ठेवला.

चार महिने गाडीवरून खाली, टायरच्या शेडमध्ये काम, आणि नोकरीच्या पुस्तकात तांबड्या शाईची एक ओळ. निकाल एवढाच आला. मेव्हणा फाटकाशी बोलला तो एवढंच, "मी तुमच्यासाठी रजा टाकून आलो होतो." डेपोत दोन तट पडले. काहींनी पाठ थोपटली. काहींनी तोंड फिरवलं, कारण आता सरळ रस्त्यावर इन्स्पेक्टर उभे राहू लागले होते आणि उशीर मात्र होता तेवढाच राहिला. "स्वतः बुडाला आणि आम्हाला घेऊन बुडाला," एक जण त्याच्या तोंडावर म्हणाला. पुढच्या महिन्यात त्या मार्गाची दोन मिनिटं वाढली. ती त्याच्या कागदामुळे वाढली की खोदलेल्या रस्त्यामुळे, ते कोणी सांगितलं नाही.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "दादाला मी सांगेन काय सांगायचं ते," ती म्हणाली. मग कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "आता ते दार सुलटं करा."

त्याने केलं. पण आत निवांत काही वाटलं नाही. खरं बोललं की मन हलकं होतं असं लोक म्हणतात. त्याचं झालं नाही. रस्त्याने चालताना त्याची नजर सारखी खाली, डांबरावरच्या काळ्या पट्ट्यांवर. कुठेही पट्टा दिसला की पावलांनी मोजायचा आणि मनात गणित सुरू व्हायचं. इथे कोणी, किती वेगाने, कोणासाठी. टायरच्या शेडमध्ये झिजलेले टायर हाताने फिरवताना तो त्यांच्या खाचांत बोट घालून बघायचा, जरा जास्तच वेळ.

सातव्या आठवड्यात बाईंची दोरी निघाली. तो पोचला तेव्हा त्या वॉर्डबाहेरच्या लांब व्हरांड्यात चौपायी आधार धरून उभ्या होत्या. शेजारी व्यायाम करून घेणारी तरुण बाई.

"तुम्ही नका धरू," बाई त्याला लांबूनच म्हणाल्या. "नुसते बघा."

त्यांनी आधार पुढे टाकला, मग दुखरा पाय, मग चांगला. कपाळावर घाम होता. "जमिनीला मी मागे ढकलते," त्या धापा टाकत म्हणाल्या, "म्हणून ती मला पुढे ढकलते. इतकी वर्षं ही गुपचूप ढकलत होती, मी कधी बघितलं नाही तिच्याकडे. आता बघा, नाकदुऱ्या काढाव्या लागतायत."

"बोलू नका, चाला," तरुण बाई म्हणाली.

"न बोलता मला चालता येत नाही."

अलगदला एका जागी उभं राहवेना. तो त्यांच्या डावीकडून चालला, मग उजवीकडून, मग दोन पावलं पुढे जाऊन फरशी ओली तर नाही ना ते बुटाने घासून पाहिलं. तरुण बाई वैतागली. "अहो काका, पेशंट कोण आहे? तुम्ही की त्या?"

व्हरांडा संपला. समोर भिंत. बाई थांबल्या, त्यांनी आधाराच्या चार पायांकडे पाहिलं आणि मग मागे, आलेल्या वाटेकडे.

"चालणं जमलं," त्या म्हणाल्या. "पण वळणं हे निराळंच प्रकरण दिसतंय."

"ते मला विचारा," अलगद म्हणाला. "वळणात शिरल्यावर नाही, शिरायच्या आधी वेग कमी करायचा."

"आहेच कुठे वेग, कमी करायला?"

"मग चांगलंच आहे. घ्या सावकाश."

बाईंनी आधार वीतभर डावीकडे उचलून ठेवला. पाय ठेवला. पुन्हा वीतभर. दोन पावलांचं वळण त्यांनी अकरा पावलांत घेतलं. अलगद मागे चालत होता, दोन्ही हात पुढे केलेले, पण कुठेही न लावता.